अकिलिसच्या ऑपरेशननंतर मैदानावर परत येताना: कोणत्या टप्प्यात काय करायचं आणि नेमकं कुठे चुकतं

दर सीझनला तेच दिसतं. कबड्डीचा रेडर असो, बॅडमिंटन खेळणारी पोरगी असो की फास्ट बॉलर, अकिलिस टेंडन (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड दोर) तुटतो, आठवड्याभरात ऑपरेशन होतं, जखमही छान भरते, आणि पाच महिन्यांनी रिहॅबला येतात तेव्हा चालणं एकदम नीट असतं, पण ऑपरेशनच्या एका पायावर उभं राहून टाच उचला म्हटलं की टाच जमिनीवरून हलतच नाही. मग घरचे सगळे सर्जनला दोष देतात. पण बऱ्याच केसेसमध्ये सर्जनने टेंडन बरोबर लांबीवर शिवलेला असतो आणि तो लांब होतो नंतरच्या दोन-तीन महिन्यांत, घरीच, मालिश आणि स्ट्रेचिंग करून. सायकलच्या ब्रेकची केबल ढिली झाली की लिव्हर कितीही दाबा, ब्रेक पूर्ण लागत नाही, तसंच इथे पोटरी कितीही आवळली तरी टाच पूर्ण वर जात नाही. आणि ही वाढलेली लांबी नंतर कुठल्याच व्यायामाने परत कमी होत नाही, हे कृपा करून डोक्यात फिट करा.

म्हणून क्रम असा: आधी लांबी सांभाळायची, मग ताकद, मग वेग. खाली जे आठवडे दिलेत ते साधारण आहेत. टेंडन मधोमध तुटला की हाडाजवळून, ओपन सर्जरी झाली की छोट्या छेदातून, यावर आठवडे बदलतात, त्यामुळे तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. कॅलेंडर फक्त सांगतं की याच्या आधी करू नका. पुढे जायचं की नाही हे पाय सांगतो, त्यासाठी प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तपासणी दिली आहे.

टप्पा १: ऑपरेशनच्या आधीची तयारी

हा टप्पा बहुतेक सगळे सोडूनच देतात, कारण टेन्शन असतं आणि नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दोन-तीन डॉक्टरांची मतं घेण्यात सगळा वेळ जातो. पण ऑपरेशनला दोन दिवस जरी असले तरी एवढं करून घ्या.

सर्जनला विचारायचं आणि लिहून घ्यायचं: टेंडन कुठे तुटलाय, पायावर वजन कधीपासून द्यायचं, पाय स्थिर ठेवणारा लांब बूट किती आठवडे, पंजा काटकोनाच्या वर नडगीकडे कधीपासून न्यायचा, रक्त पातळ करायची गोळी द्यायची गरज आहे का. घरात आधी कोणाला पायात रक्ताची गाठ झाली असेल तर तेही सांगा. डिस्चार्ज कार्डवर फार कमी लिहिलेलं असतं, त्यामुळे ऑपरेशन नोट्सची कॉपी मागून घ्या, पुढे फिजिओला तीच लागते.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, बंद. आजपासून, ऑपरेशनच्या दिवसापासून नाही. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि टाचेमागच्या त्या भागात मुळातच रक्तपुरवठा कमी असतो, जखम न भरणं आणि इन्फेक्शन होणं हे प्रकार तंबाखू खाणाऱ्यांमध्ये जास्त होतात. मैदानावर तर खाऊन नाही राहिलो, घरीच एखादा खातो, असं म्हणणारे खूप आहेत. टेंडनला घर आणि मैदान कळत नाही.

औषधांचं बघा. सिप्रोफ्लोक्सॅसिन, लेवोफ्लोक्सॅसिन, ऑफ्लोक्सॅसिन या गटाच्या अँटिबायोटिकमुळे टेंडन तुटायचा धोका वाढतो, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ साली यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे पोट बिघडलं, लघवीला जळजळ झाली की मेडिकल स्टोअरमधून यातलीच गोळी सहज मिळते. दुखापतीच्या आधी घेतली असेल तर सांगा, आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हेच की माझा अकिलिस शिवलेला आहे, या गटातली गोळी नको.

जे स्पर्धा खेळतात त्यांनी डोपिंगचंही आत्ताच बघायचं. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल देतात, ते १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. आत्ता तुम्ही स्पर्धेत नाही त्यामुळे डॉक्टरांनी दिलं तर घेता येतं, पण तीच गोळ्यांची पट्टी कपाटात राहते आणि आठ महिन्यांनी मॅचच्या आदल्या रात्री आठवते, तिथे करिअर संपू शकतं. जिममध्ये कोणी "टेंडन लवकर भरते" म्हणून बीपीसी-१५७ चं इंजेक्शन सुचवलं तर सरळ नाही म्हणा, ते कायमच बंदीत आहे. अशक्तपणा जावा म्हणून दिलं जाणारं डेकाचं इंजेक्शन म्हणजे नॅन्ड्रोलोन नावाचं स्टिरॉइड, तेही तसंच. आणि नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) टेस्टिंग पूलमध्ये, म्हणजे तपासणीसाठी निवडलेल्या खेळाडूंच्या यादीत, असाल तर पायात प्लास्टर असलं तरी तुमचा ठावठिकाणा भरावाच लागतो.

घराचं. भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोड खुर्ची आणून ठेवा, उकिडवं बसणं पुढचे कित्येक महिने बंद आहे. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल आणि रबरी मॅट. झोपायची खोली वर असेल तर खाली हलवा. कुबड्या आधीच आणा आणि आधीच चालून बघा: हाताची मूठ मनगटाच्या उंचीवर, वरची गादी आणि काख यात दोन-तीन बोटांची जागा, वजन तळहातावर, काखेवर नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय आधी.

आणि चांगल्या पायाचं माप घ्या. पोटरीचा घेर, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली. एका पायावर किती वेळा टाच पूर्ण उचलता येते तो आकडाही लिहा, पण भिंतीला धरून, कोणीतरी बाजूला उभं असताना आणि डॉक्टरने हो म्हटलं तरच. पुढे महिनोनमहिने बसून चांगला पायही कमजोर होतो आणि मग तुलना कशाशी करायची हेच राहत नाही.

टप्पा २: पहिले दोन आठवडे

पाय प्लास्टर किंवा स्प्लिंटमध्ये असतो, पंजा खाली झुकलेला. तो तसा मुद्दाम ठेवलेला असतो, टेंडनवर ताण येऊ नये म्हणून. काम एकच, सूज उतरवायची आणि जखम भरू द्यायची. पाय छातीपेक्षा वर, उशी पोटरीखाली, टाच मोकळी. टाचेखालीच उशी ठेवली की तिथे दाबून चट्टा पडतो. बसून राहिलं आणि पाय खाली लोंबकळत राहिला की सूज येते, सूज आली की टाक्यांवर ताण, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांसोबत दोन-दोन तास सोफ्यावर बसणं टाळा, येऊ द्या त्यांना खोलीत.

बोटं हलवत राहायची. गुडघा सरळ ठेवून पाय उचलणं, नितंब आवळणं, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं, हे दिवसातून तीन-चारदा. वरच्या अंगाचा आणि दुसऱ्या पायाचा व्यायाम पहिल्या आठवड्यानंतर बसून-झोपून चालू करता येतो. जेवण कमी करू नका. वजन वाढेल म्हणून खेळाडू या काळात खाणंच तोडतात आणि तिथेच जखमेला लागणारं प्रोटीन कमी पडतं. किलोला साधारण दीड-दोन ग्रॅम प्रोटीन, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला १०५ ते १४० ग्रॅम. नुसत्या वरण-भात-पोळीत एवढं बसत नाही, अंडी, दूध, पनीर, सोयाबीन, चिकन जे खाता ते प्रत्येक जेवणात हवं.

लगेच हॉस्पिटलला जायचं तेव्हा: बोटं निळी-पांढरी किंवा बधिर झाली, प्लास्टर आवळल्यासारखं होऊन वेदना वाढतच चालली, ताप आला, पट्टीतून वास किंवा पाणी येऊन राहिलं. पोटरी किंवा मांडी अचानक सुजून दुखायला लागली तर ती रक्ताची गाठ असू शकते, ती पोटरी चोळायची नाही. आणि छातीत दुखलं, धाप लागली, खोकल्यात रक्त आलं तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

टप्पा ३: बूट आणि वेज, आठवडा २ ते ६

टाके निघाले की लांब वॉकर बूट लागतो, आत टाचेखाली पाचरीसारखे वेज ठेवलेले असतात आणि सर्जन सांगतील तसा एक-एक वेज काढत पाय हळूहळू काटकोनात आणायचा. विकत घेताना विचारा वेज सोबत आहेत का, कारण काही बूट सरळ काटकोनातच येतात आणि त्यात पाय पहिल्याच दिवशी सपाट घातला की जे वाचवायचं होतं तेच ताणलं. बूट पायात घालून, वेजसकट, फिजिओला दाखवा.

वेज काढायची घाई करणारे खूप. "सर, दुखून नाही राहिलं ना आता, मग काऊन थांबायचं?" हा प्रश्न याच टप्प्यावर येतो. थांबायचं कारण टेंडन दुखत नसला तरी आतला जोड कच्चा असतो, दुखणं थांबतं ते जोड पक्का व्हायच्या कितीतरी आधी. परत तुटण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांतच सगळ्यात जास्त असतो.

वजन द्यायला परवानगी मिळाली की कुबड्या दोन्ही, मग एक, ती चांगल्या पायाच्या बाजूला, मग बिनकुबडीचं. बुटामुळे तो पाय उंच होतो आणि दोन आठवड्यात कंबर धरते, त्यामुळे दुसऱ्या पायात जाड सोलचा बूट घाला किंवा चौकातल्या मोच्याकडून जुन्या बुटाला खाली जास्तीचा सोल चिकटवून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आता नागपूरच्या उन्हाचं. एप्रिल-मे मध्ये ४५ डिग्रीत बुटाच्या आत पाय अक्षरशः शिजतो, घामाने टाक्याची जागा पांढरी-मऊ पडते आणि तिथून उघडते. लांब कॉटनचे मोजे, दिवसातून दोनदा बदलायचे, बुटाचं आतलं कापड रात्रीतून वाळवायचं असेल तर सर्जनला विचारून दुसरं लायनर घ्या. पावडर जखमेजवळ नाही. बूट काढून पाय पुसायचा तो पलंगाच्या कडेवर बसून, पंजा खाली लोंबता ठेवून. बूट काढलेला पाय जमिनीवर टेकवायचाच नाही, एक सेकंदही नाही.

रात्रीचा बाथरूम. परत तुटण्याच्या कहाण्या ऐकाल तर बऱ्याच इथे सुरू होतात, रात्री दोनला झोपेत उठला, बूट घालायचा कंटाळा केला, ओल्या टाइल्सवर पाय घसरला. सांगितलं असेल तेवढे आठवडे बूट घालूनच झोपा, आणि लाइट लावून उठा.

व्यायाम परवानगी मिळाल्यावरच: बसून, बूट काढून, पंजा खाली दाबायचा आणि परत वर आणायचा, पण फक्त काटकोनापर्यंत. काटकोनाच्या वर पंजा खेचायचा नाही. टॉवेल पंजाला अडकवून ओढायचा व्यायाम इंटरनेटवर सगळीकडे दिसतो, तो तुमच्यासाठी नाही. घरी येणाऱ्या मालिशवाल्या काकांनी "शीर आखडली, मोकळी करतो" म्हटलं तरी हात जोडून नको म्हणा. आखडलेलीच हवी आहे.

पुढे जायच्या आधी तपासा: जखम पूर्ण बंद, खपली नाही. बुटात पूर्ण वजन देऊन कुबडीशिवाय चालता येतं. पालथं झोपून दोन्ही गुडघे काटकोनात दुमडले तर ऑपरेशनचा पंजा चांगल्या पंजाइतका किंवा थोडा जास्त वर टोकाकडे झुकलेला दिसतो. हा पंजा चांगल्यापेक्षा सपाट, ढिला लोंबताना दिसला तर टेंडन लांब होऊन राहिलाय. घरच्या कोणाला मोबाईलवर बाजूने फोटो काढायला सांगा, दर दोन आठवड्यांनी एक, आणि फरक वाटला की त्याच दिवशी फिजिओला दाखवा. अख्ख्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

टप्पा ४: बुटातून शूजमध्ये, आठवडा ६ ते १२

बूट एका दिवशी फेकायचा नसतो. आधी घरात तासभर शूज, मग दोन तास, बाहेर बूटच. बर्डीच्या बाजारात, रेल्वे स्टेशनवर, लग्नाच्या गर्दीत कोणी मागून धक्का दिला की पाय आपोआप जोरात टेकतो, तिथे अजून काही आठवडे बूट असू द्या. शूजमध्ये टाचेखाली साधारण एक-दीड सेंटिमीटरची गादी, दोन्ही पायांत.

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण म्हणजे घरात अनवाणी चालणं. बाहेर टाचेखाली गादी असलेले शूज घालतात आणि घरी आल्याबरोबर उंबऱ्याशी काढून टाइल्सवर सपाट अनवाणी फिरतात, म्हणजे दिवसातले निम्मे तास टेंडन पूर्ण ताणलेला. घरातले वेगळे स्वच्छ शूज ठेवा आणि आईला एकदा नीट समजावून सांगा की हे औषधासारखंच आहे, देवघर आणि स्वयंपाकघर सोडून बाकी घरात चालेल म्हणते ती.

या टप्प्यात बंद: उकिडवं बसणं, बैठका, सूर्यनमस्कारातलं पर्वतासन, पायरीच्या काठावर टाच लोंबवून उभं राहणं, भिंतीला टेकून पोटरी ताणणं. चढावर चालणंही जपून.

गाडीचं पण ऐका. इथे सगळं काही दुचाकीवर चालतं आणि सिग्नलला थांबताना जो पाय झटकन खाली टेकतो तोच धोक्याचा, अख्ख्या गाडीचं वजन पंजावर येतं आणि घोटा पुढे दुमडतो. बूट असेपर्यंत गाडी चालवायची नाही, नंतरही सर्जनने हो म्हटल्यावरच, आणि किक मारायची गाडी असेल तर ती अजून बरेच महिने दुसऱ्याने सुरू करून द्यायची. तोपर्यंत मेट्रो बरी, स्टेशनवर लिफ्ट आहेत.

व्यायामाचा क्रम: बसून दोन्ही टाचा उचलणं, मग गुडघ्यावर थोडं वजन ठेवून तेच, मग उभं राहून दोन्ही पायांवर, ओट्याला धरून, आधी वजन चांगल्या पायावर जास्त आणि हळूहळू निम्मं-निम्मं. सगळं सपाट जमिनीवर. स्थिर सायकल चालते, सुरुवातीला पेडल टाचेखाली, नंतर तळव्याच्या मध्याखाली. जखम पूर्ण भरली असेल तर स्विमिंग पूलमध्ये छातीभर पाण्यात चालणं उत्तम, पण पूलच्या ओल्या काठावर कोणाचा तरी हात धरून, आणि भिंतीला लाथ मारून पोहायला सुरुवात करायची नाही.

संध्याकाळी घोट्याला सूज येणं या काळात नॉर्मल आहे. सकाळी उठल्यावरही तशीच असेल तर काल जास्त झालं, आज कमी करा.

तपासा: शूज घालून अर्धा तास न लंगडता चालता येतं का, मागून व्हिडिओ काढून बघा, कारण लंगडणाऱ्याला स्वतःला कळत नाही. दोन्ही पायांवर समान वजन देऊन पंचवीस वेळा टाचा पूर्ण वर जातात का.

टप्पा ५: ताकद, महिना ३ ते ६

इथे खेळाडू गळतात. चालता येतं, दुखत नाही, फिजिओकडे जायचा कंटाळा, रोज तेच ते टाच वर टाच खाली, आणि तिकडे टीम प्रॅक्टिस करून राहिली. म्हणून हा टप्पा उडी मारून थेट पळायला जातात. नंतर वर्षभर एक पाय ढकलतो आणि एक नुसता सोबत येतो असं पळणं ज्यांचं राहतं, ते बहुतेक हेच लोक.

क्रम असा. दोन पायांवर वर, एकावर हळू खाली. मग हाताने भिंतीचा आधार घेऊन एका पायावर वर. मग आधाराशिवाय. मग हातात डंबेल किंवा पाठीवर बॅग. त्यासोबत बसून गुडघ्यावर जड वजन, कारण गुडघा वाकलेला असताना पोटरीतला खोल स्नायू काम करतो आणि पळताना सगळ्यात जास्त भार तोच घेतो. जड काम एक दिवसाआड, रोज नाही. वजन असं की सहा ते दहा वेळात स्नायू खरंच थकला पाहिजे, शंभर-शंभर हलके रेप्स करून ताकद येत नाही, फक्त वेळ जातो.

आकड्यापेक्षा उंची बघा, हे सगळ्यात जास्त चुकतं. दाराच्या चौकटीशेजारी उभे राहा, चांगल्या पायावर टाच पूर्ण उचला आणि डोक्याच्या उंचीला पेन्सिलने खूण करा. आता ऑपरेशनच्या पायावर. खुणेला डोकं लागत नाही तो रेप मोजायचा नाही. सुरुवातीला एकही मोजला जाणार नाही, चालेल, तेवढं खरं तरी कळतं. चोरी कशी होते तेही बघून ठेवा: गुडघा थोडा वाकवून झटका देणं, अंग पुढे झुकवणं, हाताने ओट्यावर जोर देणं, वजन करंगळीकडे टाकणं. आणि पायाची बोटं जमीन घट्ट पकडून वाकत असतील तर पोटरीचं काम अंगठ्याचा स्नायू करून राहिलाय. अंगठा सैल ठेवून परत करा, किती कठीण जातं बघा.

दुखणं किती चालेल? शून्य ते दहामध्ये तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलांना आखडलेपण नेहमीपेक्षा जास्त नसेल तर ठीक. जास्त असेल तर एक पायरी मागे. टेंडनची तक्रार त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या सकाळी येते, त्यामुळे उठल्यावर वहीत एक ओळ लिहायची सवय लावा. टेंडनजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन दुखणं दाबायचा सल्ला कोणी दिला तर सर्जनला विचारल्याशिवाय नाहीच.

टप्पा ६: पळणं आणि उड्या

साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, सर्जनने हो म्हटल्यावर, आणि या गोष्टी जमत असतील तरच: एका पायावर टाच नीट उचलता येते, भरभर अर्धा तास चालून सूज येत नाही, जागच्या जागी दोन पायांवर छोट्या उड्या मारताना भीती वाटत नाही. भीतीचं मुद्दाम लिहिलं, कारण पाय तयार आणि मन तयार नसेल तर माणूस वेगळ्याच पद्धतीने पाय टाकतो आणि दुसरं काहीतरी दुखवून घेतो.

एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चालणं, असं आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. जागा मानकापूरच्या क्रीडा संकुलाचा सिंथेटिक ट्रॅक किंवा सपाट गवत. घरासमोरच्या सिमेंट रोडवर नाही, शहरभर सिमेंटचे रस्ते झालेत म्हणून तिथेच पळायला सोयीचं वाटतं पण ती सोय पायाला महाग पडते. सेमिनरी हिल्सचा चढ तर एवढ्यात नाहीच. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आधी. स्पाइक्स नको, टाच उंच असलेले ट्रेनिंग शूजच.

नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदला. अंतर वाढवलं तर वेग तोच. वेग वाढवला तर जागा आणि शूज तेच. सरळ पळणं, मग वळणावर, मग वेग घेणं, मग थांबणं, मग दिशा बदलणं. थांबण्याचा सराव लोक विसरतात आणि मॅचमध्ये तर अर्धा वेळ थांबणंच असतं. उड्यांचंही तसंच: दोन पायांवर जागच्या जागी, मग पुढे, मग एका पायावर, आणि प्रत्येक वेळी पाय किती वेळा जमिनीला लागला ते मोजून हळूहळू वाढवायचं.

टप्पा ७: सराव, मग मॅच

खेळाप्रमाणे धोक्याची जागा वेगळी असते, ती सगळ्यात शेवटी आणायची. बॅडमिंटनमध्ये मागच्या कोपऱ्यात जाऊन मागच्या पायावरून पुढे ढकलणं. कबड्डीत बोनससाठी पाय लांबवणं आणि अँकल होल्ड, इथे प्रॅक्टिसमध्ये टीममेटला स्पष्ट सांगा की अजून महिनाभर माझा घोटा धरायचा नाही. स्प्रिंटरला ब्लॉक्समधली सुरुवात. फास्ट बॉलरला रनअप आणि क्रीजवरची उडी, आधी चार पावलांनी, मग अर्ध्या रनअपने.

आधी हलका सराव, मग पूर्ण सराव, मग मॅचमध्ये ठरवून थोडा वेळ, मग पूर्ण मॅच. पूर्ण सराव काही आठवडे बिनतक्रार झाल्याशिवाय मॅच नाही. आकडा बघायचा तर एका पायावरच्या उचलण्यात, उंचीसकट, आणि एका पायाच्या उडीत चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के. बहुतेकांना नऊ महिने ते वर्ष लागतं.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं देऊन कोच घाई करतात म्हणून तीच नीट बघू. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचा अकिलिस एप्रिल २०१३ मध्ये तुटला, डिसेंबरमध्ये तो परत खेळला आणि सहा मॅचनंतर गुडघ्याजवळचं हाड मोडून बाहेर गेला. बास्केटबॉलच्याच केविन ड्युरंटला जून २०१९ मध्ये झालं, तो थेट डिसेंबर २०२० मध्ये उतरला आणि आल्यावर पूर्वीसारखाच खेळला. मोहम्मद शमीचं अकिलिसचं ऑपरेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये, परत आला तो नोव्हेंबरच्या रणजी मॅचमध्ये, आणि टाच बरी झाली तरी मधे गुडघ्याची सूज नडली. म्हणून परत आल्यावर गुडघा, कंबर आणि चांगल्या पायाच्या अकिलिसवरही लक्ष ठेवा, तोही इतके दिवस जास्तीचं ओझं वाहत असतो.

कोच आणि सिलेक्टरला तोंडी सांगू नका. एका कागदावर तारीख, टेस्टचे आकडे, अजून काय बंद आहे आणि मॅचमध्ये किती वेळ खेळायचं ते लिहून फिजिओची सही घ्या आणि कोचच्या हातात द्या. सीझन सुरू झाला की जड टाच उचलणं आठवड्यातून दोनदा दोन्ही पायांचं चालूच ठेवायचं, मॅचच्या आदल्या दिवशी नाही. आणि पळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि वळून बघितलं तर मागे कोणीच नाही, तर खेळ तिथेच सोडा, पाय टेकवू नका, पंजा खाली झुकलेला ठेवून बांधा आणि त्याच दिवशी सर्जनकडे जा.